साठीनंतर बुद्धाकडे

खारकोपरला लोकलमधून उतरून नवी मुंबईतल्या उलव्याच्या कुठल्याही सेक्टरमध्ये शिरले, की आधी नजरेत भरतात ते टॉवर आणि त्यांच्या तळाशी ओळीने लागलेली इस्टेट एजंटांची दुकाने. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकल इथवर आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. फ्लॅट घेतले ते तिशी-चाळिशीतल्यांनी. पण दिवसभर त्या फ्लॅटमध्ये असतात ते त्यांचे आईवडील. कुणी एसटीतून निवृत्त झालेले, कुणी गोदीतून, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. सून-मुलगा कामाला गेले, नातवंडांची बस गेली की संध्याकाळपर्यंतचा वेळ अंगावर येतो. देवधर्म करणाऱ्यांची सोय होते आहे. तिरुपती देवस्थानाच्या बालाजी मंदिराचे भूमिपूजन २०२३ मध्ये इथेच झाले. ज्यांचे पाय या वयात बुद्धाकडे वळतात त्यांना काय मिळते, आणि काय मिळत नाही, याचा हा धांडोळा.

महाराष्ट्रात हे वळणे एका प्रकारचे नाही. एक माणूस जन्माने बौद्ध असतो. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, चौदा एप्रिलची मिरवणूक, सहा डिसेंबरला चैत्यभूमी, हे सगळे त्याने आयुष्यभर केलेले. पण डोळे मिटून अर्धा तास बसलेला नसतो. निवृत्तीनंतर तो विहारात नियमित जाऊ लागतो. दुसऱ्याच्या घरी देवघर असते, गणपती बसतो, आणि तरीही तो इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेच्या शिबिराला जाऊन येतो आणि आल्यावर रोज पहाटे साधनेला बसतो. आपण बुद्धाकडे वळलो असे दोघेही म्हणतात. एकाच इमारतीत राहून दोघांची या विषयावर गाठ पडत नाही, ही मात्र मराठी समाजाची जुनी सवय.

पहिल्या माणसाची अडचण समजून घेण्यासारखी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आज सत्तरीत असलेला बौद्ध तेव्हा आईच्या मांडीवर होता किंवा जन्मलाही नव्हता. म्हणजे कळू लागल्यापासून बौद्ध म्हणून वाढलेली पहिली पिढी आज म्हातारी होते आहे. १९५१च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या मुलखात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले आणि २०११ मध्ये ६५ लाखांवर गेले. देशातले तीन चतुर्थांशांहून अधिक बौद्ध याच राज्यात आहेत. संख्या वाढली, शिक्षण वाढले, नोकऱ्या मिळाल्या. म्हातारपण कसे घालवायचे याचा नमुना मात्र या पिढीच्या आईवडिलांकडे नव्हता. त्यांचे स्वतःचे आजी-आजोबा माळकरी होते, पंढरीला जात होते, खंडोबाचा भंडारा लावत होते. मराठी गावात उतारवय म्हणजे वारी, एकादशी, हरिपाठ आणि देवळाच्या पायरीवरची बैठक असा ठरलेला संसार होता. त्या दीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांनी देव-अवतार, श्राद्ध-पिंडदान एका फटक्यात बाजूला काढले, आणि ते काढायलाच हवे होते. रिकाम्या झालेल्या जागेत काय ठेवायचे हे मात्र ज्याने त्याने नंतर शोधले.

त्यात आणखी एक पेच आहे, आणि तो आपल्या दोन सर्वांत मोठ्या बुद्ध-अभ्यासकांनी घातला आहे. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिले आणि घर सोडले, ही कथा शाळेतल्या प्रत्येक पुस्तकात असते. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध'मध्ये ती मानली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेला वाद आणि शस्त्रे उगारलेली माणसे हे त्यांना खरे कारण वाटले. डॉ. आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या आरंभीच विचारले की एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारपण, आजार आणि मृत्यू दिसलेच नव्हते हे कसे पटावे. आणि तेही रोहिणीकडेच गेले. ही मांडणी बुद्धीला पटते. तिच्यामुळे बुद्ध समाजाच्या भांडणात उतरलेला माणूस ठरला, आणि ज्या समाजाला पाण्यासाठीच चवदार तळ्यावर जावे लागले त्याला हा बुद्ध जवळचा वाटला, यात नवल नाही. पण त्याबरोबर कथेतला तो म्हातारा बाजूला झाला. आता साठ-सत्तरी गाठलेल्या पिढीबरोबर तोच परत विहाराच्या दारात उभा आहे, गुडघ्याला पट्टा बांधून.

जुन्या पाली वाङ्मयात त्याला जागा होती. राध नावाच्या म्हाताऱ्या ब्राह्मणाला घरच्यांनी टाकले होते आणि भिक्खू त्याला संघात घ्यायला तयार नव्हते. याने मला कधीतरी पळीभर अन्न वाढले होते, एवढे आठवून सारिपुत्ताने त्याला प्रव्रज्या दिली. दहा मुलांची आई सोणा उतारवयात भिक्खुणी झाली; मुलांना सगळे वाटून दिल्यावर घरात तिला कुणी विचारीना, असे अट्ठकथा, म्हणजे पाली भाष्य, सांगते. आजच्या गिफ्ट डीडच्या काळात ही गोष्ट फारशी प्राचीन वाटत नाही. नकुलपिता हा म्हातारा गृहस्थ शरीर थकल्याची तक्रार घेऊन आला, तर त्याला मिळालेला सल्ला एवढाच: शरीर आजारी पडेल, मनाला आजारी पडू देऊ नकोस. त्याला घर सोडायला सांगितलेले नाही, हे महत्त्वाचे.

आणि बोधप्रद म्हाताऱ्यांबरोबर एक बेरकी म्हाताराही तिथे आहे. बुद्धाचे महापरिनिर्वाण झाल्याची बातमी आली तेव्हा म्हातारपणी प्रव्रज्या घेतलेला सुभद्द नावाचा भिक्खू रडणाऱ्यांना म्हणाला, की हे करा, ते करू नका म्हणणारा गेला. बरे झाले, सुटलो. ज्यांनी ही नोंद पुसली नाही त्यांना मानले पाहिजे. उशिरा आलेला माणूस नम्रच असतो असे नाही. चाळीस वर्षे साहेबकी केलेला विहार समितीत आला की तिथेही फायलीच चालवतो, हे कुठल्याही वस्तीत पाहायला मिळते.

उतारवयात संघात जाण्याचा कोकणात तर दगडी पुरावा आहे. उलवे ज्या रायगड जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत एका दानाचा लेख आहे. लेणे देणारी पदुमनिका ही प्रव्रजिता. तिची आई नागनिका हीसुद्धा प्रव्रजिता. आणि नागनिकेचे दोन मामा संघातले थेर. आईने लेक झाल्यानंतर, संसार पाहून झाल्यावर चीवर घेतले असणार, असा अंदाज त्यावरून सहज निघतो. उलव्यासमोरच्या खाडीत घारापुरी आहे. तिथली शिवाची लेणी सगळे पाहतात, पूर्वेकडच्या टेकडीवरचा बौद्ध स्तूप फार थोडे. विमानतळाच्या जागेत वाघिवलीवाड्याजवळ गावकरी केरूमाता म्हणून पूजत ती लेणीही बौद्ध होती असे बौद्ध संघटनांचे म्हणणे होते. आंदोलने झाली, पण सपाटीकरणात ती गेली.

आधुनिक महाराष्ट्रातली दोन मोठी उदाहरणे एकमेकांच्या शेजारी ठेवावीत अशी आहेत. कोसंबी गोव्यातल्या सांखवाळचे. तरुणपणीच बुद्धाच्या ओढीने घर सोडून ते काशी, नेपाळ करत सिलोनला पोचले आणि १९०२ मध्ये तिथे श्रामणेर झाले. पुढे चीवर सोडून संसारात आले, हार्वर्डला जाऊन आले, परळला बहुजन विहार उभा केला. म्हणजे त्यांचे बुद्धाकडे वळणे विशीतले. म्हातारपणी त्यांना ओढ लागली ती पार्श्वनाथाच्या चातुर्यामाची; शरीर कामाचे उरले नाही असे पाहून जून १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. डॉ. आंबेडकरांचा प्रवास उलट दिशेचा. कृष्णराव केळुसकरांनी मॅट्रिकच्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले होते. १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. पण प्रत्यक्ष दीक्षा पासष्टाव्या वर्षी, मधुमेहाने पाय थकलेले असताना, ऐंशीच्या घरातल्या चंद्रमणी महास्थविरांकडून. नंतर आठ आठवडेही मिळाले नाहीत. त्या दीक्षेला उतारवयातली आध्यात्मिक ओढ म्हणणे चूक ठरेल. लाखोंना बरोबर घेऊन केलेली ती सामाजिक कृती होती. तरी अखेरच्या वर्षांत, आजारपणात, रात्र-रात्र बसून ते लिहीत होते तो ग्रंथ बुद्धावरचा होता, हेही विसरता येत नाही.

त्यांच्यानंतर बाहेरून धम्मात आलेल्यांची संख्या कमी, पण त्यात उतारवयात आलेले ठळक आहेत. अमरावतीच्या ब्राह्मण घरात जन्मलेले गझलकार सुरेश भट आयुष्याच्या उत्तरार्धात बौद्ध झाले. 'उपरा'चे लेखक लक्ष्मण माने यांनी मे २००७ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर भटक्या-विमुक्तांसह दीक्षा घेतली, तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. या निर्णयांत जातीविरुद्धची भूमिका मोठी आणि ध्यानधारणा दुय्यम होती, असे म्हणायला जागा आहे. कागदपत्रांची भीतीही एकेकाळी खरी होती: अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या, तोवर अनेकांनी दाखल्यावर जुनाच धर्म ठेवला होता. निवृत्त माणसाला ती भीती उरत नाही. त्याच्या अडचणी घरच्या असतात. लग्नकार्यात काय सांगायचे, देवघराचे काय करायचे, बायको बरोबर येणार का.

विहारात या वयाच्या माणसाला हाताला काम मिळते. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज किंवा दर रविवारी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन चालते. म्हणजे शेजारच्या इमारतीत पोथी लागते साधारण त्याच महिन्यांत. वाचणारे बहुतेक निवृत्त, ऐकणाऱ्या बहुतेक बायका. पांढरी साडी नेसून, वंदना झाल्यावर सतरंजीवर टेकलेल्या या उपासिकांपैकी काहींनी वाचायला शिकण्याचे कष्ट याच ग्रंथासाठी घेतले. भारतीय बौद्ध महासभेच्या श्रामणेर शिबिरात मुंडन करून, चीवर घालून दहा दिवस राहता येते. त्यातून पुढे बौद्धाचार्य तयार होतात आणि वस्तीतली लग्ने, नामकरणे, जलदान विधी करतात. निवृत्त कारकुनाला किंवा शिक्षकाला ही भूमिका शोभते. उणीव दिसते ती इतकीच, की विधी, वाचन आणि भाषणे भरपूर असतात, पण ध्यानाला पाच मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात माईक कुरकुरतो. ती उणीव भरण्याचा जाणता प्रयत्न त्रैलोक्य बौद्ध महासंघाने केला. त्याचे प्रवर्तक संघरक्षित यांचे शिष्य लोकमित्र १९७०च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात आले, आणि भाजे लेण्यांच्या पायथ्याशी शिबिरांची जागा उभी राहिली. तिथे आंबेडकर आणि आनापानसती, म्हणजे श्वासावरचे ध्यान, एकत्र शिकवतात.

दुसऱ्या वाटेची, म्हणजे इगतपुरीच्या विपश्यनेची, सुरुवातच एका म्हातारीसाठी झाली, हे फार जणांना माहीत नसते. सत्यनारायण गोयंका म्यानमारमधले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीवर उपाय शोधताना १९५५ मध्ये विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोचले. त्यांची आई मुंबईत मनाच्या विकाराने त्रस्त होती, म्हणून १९६९ मध्ये ते भारतात आले आणि ३ जुलैला मुंबईतल्या एका धर्मशाळेत पहिले शिबिर झाले. बसणारे होते चौदा, त्यांत त्यांचे आईवडील. पुढे इगतपुरीचे धम्मगिरी उभे राहिले, २००९ मध्ये गोराईचा पॅगोडा झाला. उलवेकरांना तर इगतपुरीपर्यंतही जायला नको. बेलापूरच्या पारसिक टेकडीवर धम्म विपुल हे केंद्र आहे. आणि खडवलीजवळचे धम्म सरिता हे केंद्र एका वृद्धाश्रमाच्या आवारात आहे.

आत काय होते ते पाहिले, की शांतीच्या शोधात निघालेल्यांचा गैरसमज दूर होतो. पहाटे चारला घंटा. साडेचारला ध्यान. अकराला जेवण, आणि नव्या साधकाला संध्याकाळी पाचला चहा, चुरमुरे, एखादे फळ. जुन्या साधकाला लिंबूपाणी. मोबाइल, पुस्तक, वही, जपमाळ, सगळे पहिल्या दिवशी जमा. बोलायचे नाही, खुणाही करायच्या नाहीत. तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. चौथ्या दिवशी विपश्यना देतात आणि मग दिवसातून तीनदा तासभर न हलता बसायचे अधिष्ठान सुरू होते. सत्तरीतल्या माणसाला खुर्ची मिळते, भिंतीकडेची जागा मिळते. पण खुर्चीवरही तो तास तासच असतो. चाळीसाव्या मिनिटाला कंबर बोलू लागते, पंचेचाळिसाव्याला मनात तीस वर्षांपूर्वीचा भावकीचा वाद सुरू होतो. निवांतपणा मिळेल म्हणून आलेले काही जण दुसऱ्या-सहाव्या दिवशी बॅग भरायला निघतात. टिकतात त्यांना दहाव्या दिवशी बोलायची परवानगी मिळते, आणि आधी बोलणे होते ते बहुधा औषधांबद्दल आणि गुडघ्यांबद्दल.

शुल्क नसते, शिबिर पुरे केल्यावर इच्छेनुसार दान. पेन्शनवाल्याला हे परवडते आणि त्याच्या स्वाभिमानालाही मानवते.

गोयंका याला धर्मांतर म्हणत नसत, बौद्ध धर्मही म्हणत नसत. म्हणूनच जैन, ब्राह्मण, मराठा, ख्रिस्ती सगळे तिथे जातात. आंबेडकरी कार्यकर्त्यांचा आक्षेपही नेमका इथेच आहे. बुद्धाला जातीच्या प्रश्नातून सोडवून श्वासापुरता ठेवला, की तो सर्वांना चालतो आणि कुणालाच अडचणीत टाकत नाही. आक्षेप दमदार आहे. मात्र त्याच पॅगोड्याच्या सभागृहात आणि धम्मगिरीच्या रांगेत आंबेडकरी कुटुंबांतले साधकही मोठ्या संख्येने दिसतात, हेही खरे. त्यांना रोहिणीचा बुद्ध मान्य आहे. रात्री झोप न येणाऱ्या म्हाताऱ्याचा बुद्धही त्यांना हवा आहे. प्रस्तुत लेखकाला या मंडळींचे बरोबर वाटते.

फायद्याबद्दल मात्र हात राखून बोलावे. ध्यानाने मेंदू तरुण राहतो अशा पोस्ट व्हॉट्सॲपवर फिरतात. फ्रान्समध्ये काँ इथे पासष्टीपुढच्या १३७ जणांवर दीड वर्ष प्रयोग झाला. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. मेंदूच्या ज्या भागांचे आकारमान मोजले त्यांत फरक पडला नाही. अवधान, भावनांची जाण आणि स्वतःविषयीची समज यांच्या मोजमापात थोडी सुधारणा दिसली. इतकेच. मानसिक विकाराचा इतिहास असेल तर दहा दिवसांचे मौन झेपत नाही, आणि केंद्रेही अर्जात ते स्पष्ट विचारतात. रक्तदाबाची गोळी बंद करून ध्यान करणे हा साधनेचा भाग नव्हे.

हे वळण जगभर दिसते आणि तिथेही सरळ नसते. जपानी लेखिका सेतोउची जाकुचो एक्कावन्नाव्या वर्षी भिक्खुणी झाल्या आणि नव्याण्णवाव्या वर्षापर्यंत लिहीत-बोलत राहिल्या. क्योसेरा कंपनीचे संस्थापक काझुओ इनामोरी पासष्टाव्या वर्षी झेन दीक्षा घेऊन पुन्हा उद्योगात आले. कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांनी एकसष्टाव्या वर्षी कॅलिफोर्नियात झेन भिक्खूची दीक्षा घेतली, आणि तीन वर्षांनी त्यांना समाधान शोधत मुंबईत यावे लागले. तेही बुद्धाकडे नव्हे, तर निवृत्त बँकर रमेश बाळसेकर यांच्या अद्वैताच्या बैठकीला.

संघात कायमचे जाणे हे इकडे फार थोड्यांना जमते. विनयाने राजाच्या नोकरीतला, कर्जदार आणि आईवडिलांची संमती नसलेला माणूस वर्ज्य मानला. निवृत्त माणूस या तिन्हींतून बहुधा सुटलेला असतो. अडतो तो नातवंडांत आणि डायलिसिसच्या तारखांत. बाईचे आणखी अवघड. सासूबाई दहा दिवस शिबिराला गेल्या तर मुलाला पाळणाघर शोधावे लागते, आणि उलव्यासारख्या नव्या वस्तीत आजीच पाळणाघर असते. त्यामुळे सासरे तीन शिबिरे करून येतात आणि सासूबाईंचा अर्ज भरायचा राहून जातो.

तेव्हा विचार करणाऱ्यांनी विहारापासून सुरुवात करावी. तिथे अर्ज लागत नाही, वर्षावासात कुणीही जाऊन बसावे, कुठल्याही जातीच्या माणसाने. शिबिराचा अर्ज डॉक्टरांशी बोलून भरावा, आणि घरात दोघे असतील तर आधी बाईचा भरावा. विहार समित्यांना एकच विनंती आहे: जयंतीच्या खर्चातून दहा-बारा हाताच्या खुर्च्या घ्या, जिन्याला कठडा लावा, आणि रविवारच्या भाषणांतला अर्धा तास काढून माईक बंद ठेवून सगळ्यांना बसू द्या.